कोर्ट फी परवडत नाही तेव्हा काय करायचं: पहिल्यांदाच कोर्टात जाणाऱ्यांसाठी

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो, बाकीचं नंतर सावकाश वाचलं तरी चालेल. कोर्ट फीला पैसे नाहीत म्हणून केस लांबवू नका. सोयाबीन विकलं की बघू, भिशी लागली की बघू, भाऊ दिवाळीला आला की बघू असं करत लोक वर्षं घालवतात आणि मग वकिलाकडे गेल्यावर कळतं की मुदत संपली. हातउसने दिलेले पैसे परत मागायचा दावा साधारण ३ वर्षांत टाकावा लागतो, मालकीच्या जोरावर जमिनीचा ताबा मागायला १२ वर्षं असतात, दिवाणी निकालावर जिल्हा कोर्टात अपील करायचं तर ३० दिवस आणि हायकोर्टात ९० दिवस. अपिलाला उशीर झाला तर निदान उशीर माफ करा असा अर्ज तरी देता येतो, मूळ दाव्याला तीही सोय नाही. फीचा प्रश्न सुटतो, त्याला कायद्यातच रस्ते करून ठेवलेत. गेलेली मुदत मात्र कुणी आणून देत नाही.

मी विधी सेवा केंद्रात, म्हणजे मोफत कायदेशीर मदत मिळते तिथे, लोकांचे अर्ज भरायला मदत करतो, त्यामुळे पहिल्यांदाच आलेला माणूस नक्की कुठे अडतो ते रोज दिसतं. खाली जे लिहिलंय ते मुख्यतः महाराष्ट्राचं आहे. कोर्ट फी हा राज्याचा विषय, प्रत्येक राज्याचा कायदा आणि दर वेगळा, त्यामुळे बेळगावात, इंदोरला किंवा पणजीत केस असेल तर फीचे आकडे तिथलेच विचारा. मोफत वकिलाचा कायदा मात्र केंद्राचा आहे, तो सगळीकडे तोच, फक्त उत्पन्नाची मर्यादा राज्यागणिक बदलते.

पहिली पायरी: कोण कशाचे पैसे मागतंय ते वेगळं करा

लोक येऊन सांगतात, "दादा, कोर्टाने पन्नास हजार मागितले." कोर्टाने मागितलेले नसतात. त्यात वकिलाची फी असते, टायपिंग असतं, झेरॉक्स असते, नोटरी असते आणि खरी कोर्ट फी कधीकधी त्यात अगदी थोडी असते. म्हणून वहीत सरळ वेगवेगळं लिहून घ्या.

कोर्ट फी म्हणजे सरकारला जाणारे पैसे, दावा किंवा अर्ज दाखल करताना तिकिटं लावून किंवा ऑनलाईन भरायचे. प्रोसेस फी म्हणजे समोरच्याला समन्स-नोटीस बजावायचा खर्च, बेलीफ जातो त्याचा. नक्कल फी म्हणजे कोर्टाकडून सही-शिक्क्याची कॉपी घ्यायची तर लागते ती. वकिलाची फी हा तुमचा आणि वकिलाचा आपसातला मामला. यातल्या सरकारी रकमेची पावती निघते, ऑनलाईन भरली तर चलन निघतं, तिकिटं लावली तर त्या पानाची झेरॉक्स घेता येते. ती मागा. मागायला लाजू नका, चांगला वकील स्वतःहूनच देतो.

आणि एक. स्टॅम्प पेपर म्हणजे कोर्ट फी नव्हे. कोर्टात किंवा सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात स्टॅम्प पेपर लागतच नाही, शासनाने १ जुलै २००४ पासून ते मुद्रांक शुल्क माफ केलंय. साध्या कागदावर चालतं. तरी आजही कोर्टाबाहेरच्या टेबलावर गरीब माणसाला आधी स्टॅम्प पेपर आणायला पाठवतात, आणि ज्याच्याकडे फीला पैसे नाहीत हे सांगायलाच प्रतिज्ञापत्र करायचंय त्याच्याच खिशातून हे पैसे जातात, हे बघून खरंच जीव तुटतो.

दुसरी पायरी: तुमच्या कामाला फी किती, आणि लागते का

दिवाणी दाव्याची फी बहुतेक वेळा दाव्याच्या किमतीवर ठरते. पैशाचा दावा असेल तर जेवढी रक्कम मागताय तेवढी किंमत. रक्कम वाढली की फी वाढते, पण तिला वरची मर्यादा आहे, आधी ती ३ लाख होती, जानेवारी २०१८ पासून १० लाख झाली. सामान्य माणसाचा दावा तिथवर पोचत नाही, पण पाच-दहा लाखांच्या वसुलीच्या दाव्यालाही हजारोंत फी जाते आणि ज्याचे पैसे आधीच बुडालेत त्याला तीच जड होते.

शेतजमिनीचं मात्र वेगळं आहे आणि हे कुणी सांगत नाही. शेतजमिनीच्या ताब्याच्या दाव्यात बाजारभाव धरत नाहीत, सातबाऱ्यावर जो आकार असतो, म्हणजे ती जमिनीची वर्षाची सरकारी आकारणी, त्याच्या ठरावीक पटीत किंमत काढतात. आकार असतो काही रुपये, त्यामुळे कोटीच्या जमिनीच्या दाव्याचीही फी किरकोळ निघू शकते. वाटणीच्या दाव्यात सगळ्या इस्टेटीवर नाही, तुमच्या हिश्शाच्या किमतीवर फी. म्हणून "जमीन एवढ्या किमतीची आहे, फी परवडणार नाही" असं घरी बसून ठरवू नका, सातबारा आणि आठ-अ घेऊन जा आणि आकडा काढून घ्या.

काही ठिकाणी रकमेवरची फी नसतेच. पोलिसात एफआयआर द्यायला पैसे लागत नाहीत आणि तिची प्रतही फुकट मिळते. घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायला फी नाही, तिथे संरक्षण अधिकारी अर्ज भरायला मदत करतात. ग्राहक आयोगात तुम्ही मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी शून्य. लक्षात घ्या, नुकसानभरपाई किती मागता त्यावर नाही, वस्तू किंवा सेवेला किती मोजले त्यावर. शेतात जायचा वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर त्यासाठी दिवाणी कोर्टाच्या आधी तहसीलदाराकडे मामलेदार कोर्ट अधिनियम १९०६ खाली दावा करता येतो, खर्च फार कमी, पण अडथळा झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत करावा लागतो, ते ६ महिने भांडणात आणि गावकीच्या बैठकांत घालवू नका. चेक बाऊन्सची तक्रार फौजदारी असली तरी महाराष्ट्रात तिला चेकच्या रकमेप्रमाणे कोर्ट फी आहे, तिथे लोक फसतात, फौजदारी म्हणजे फुकट असं धरून येतात.

तुमच्यावर दावा झाला असेल तर

समन्स आलं की घाबरून "आता आपल्यालाही फी भरावी लागणार" म्हणून लोक कोर्टात जातच नाहीत. दाव्याची फी वादीने भरायची असते. प्रतिवादीला आपलं लेखी म्हणणं, ज्याला कैफियत म्हणतात, ते द्यायला दाव्याच्या रकमेची फी लागत नाही, वकीलपत्राचं तिकीट वगैरे किरकोळ खर्च असतो. तुम्हीही उलट काही मागितलंत, म्हणजे प्रतिदावा केलात, तर त्याला फी आहे. कैफियत समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत द्यायची, कोर्ट कारण बघून ९० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतं. गेलाच नाहीत तर एकतर्फी निकाल लागतो आणि तो उलटवायला जो खर्च येतो तो आधीपेक्षा किती तरी जास्त. मोफत वकील प्रतिवादीलाही मिळतो.

तिसरी पायरी: बाई अर्जदार असेल तर आधी माफी बघा

महाराष्ट्र शासनाची १ ऑक्टोबर १९९४ ची अधिसूचना आहे, तिने महिलांना पोटगी, मालमत्तेचा वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या चार प्रकारच्या प्रकरणांत कोर्ट फी माफ केली आहे. दावा, अर्ज, अपील सगळ्याला. यात उत्पन्नाची अट नाही. तरी कितीतरी जणींकडून फी भरून घेतली जाते कारण दाव्यात माफीचा उल्लेखच केलेला नसतो. दाव्याच्या शेवटी मूल्यांकनाचा एक परिच्छेद असतो, त्यातच लिहायला सांगा की वादी महिला असून या अधिसूचनेप्रमाणे कोर्ट फी माफ आहे, आणि अधिसूचनेची झेरॉक्स सोबत लावा म्हणजे दाखल करून घेणाऱ्या टेबलावर अडत नाही.

पण प्रत्येक मालमत्तेच्या कागदाला ही माफी लागते असं गृहीत धरू नका. "मालमत्तेचा वाद" यात काय काय येतं यावर कोर्टांत बऱ्याच वेळा वाद झालेत, प्रोबेट (मृत्युपत्र कोर्टाकडून खरं ठरवून घेणं) किंवा वारसाचं प्रमाणपत्र अशा कामात वकिलाला आधी विचारून घ्या. माफी नाकारली तरी घाबरायचं नाही, पुढच्या दोन पायऱ्या आहेतच.

चौथी पायरी: विधी सेवा कार्यालय, इथे सगळ्यात आधी जा

खरं तर क्रमाने चौथी लिहिली तरी ज्याला काहीच माहीत नाही त्याने पहिल्याच दिवशी इथे जावं, वरचं सगळं ते लोकच सांगतात. प्रत्येक जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं आणि तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती. गेटवरच्या पोलिसाला किंवा कोणत्याही पट्टेवाल्याला "मोफत वकिलाचं ऑफिस कुठे" विचारलं की दाखवतात. फोन करायचा तर १५१०० हा नालसाचा देशभराचा नंबर आहे, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण, त्यांच्या वेबसाईटवरही अर्ज भरता येतो.

हे कुणाचे उपकार नाहीत. राज्यघटनेत १९७६ ला कलम ३९अ घातलं, त्यावर १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. या कायद्याच्या कलम १२ मध्ये कुणाला मोफत मदत मिळते ते स्पष्ट दिलंय. महिला आणि मुलं, उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, उत्पन्न कितीही असो. दिव्यांग व्यक्ती. कारखान्यातला कामगार. मानवी तस्करी किंवा वेठबिगारीत सापडलेली व्यक्ती. पूर, दुष्काळ, भूकंप, जातीय अत्याचार, औद्योगिक दुर्घटना अशा आपत्तीत सापडलेले. तुरुंगात किंवा कोठडीत असलेला कुणीही. आणि या कशातच बसत नसेल तर ज्याचं वर्षाचं उत्पन्न महाराष्ट्रात ३ लाखांच्या आत आहे तो. सुप्रीम कोर्टातल्या कामाला ही मर्यादा ५ लाख आहे.

इथे दोन गैरसमज सारखे भेटतात. एक म्हणजे ओबीसीचं जात प्रमाणपत्र घेऊन येतात, पण या कायद्यात जातीवरून फक्त अनुसूचित जाती-जमाती आहेत, ओबीसी बांधवांनी उत्पन्नाच्या रकान्यातून अर्ज करायचा. दुसरा म्हणजे नोकरी करणाऱ्या बायकांना वाटतं आपला पगार आहे म्हणून आपल्याला मिळणार नाही. मिळतं. नवऱ्याला मात्र त्याच केसमध्ये उत्पन्न दाखवावं लागेल.

अर्ज कसा करायचा. कार्यालयात छापील फॉर्म असतो, लिहिता येत नसेल तर तिथे बसलेले विधी स्वयंसेवक लिहून देतात. आधार कार्ड, रेशन कार्ड, तुमच्या गटाचा पुरावा म्हणजे जात प्रमाणपत्र किंवा दिव्यांग प्रमाणपत्र किंवा उत्पन्नाचा दाखला, आणि केसचे कागद, म्हणजे आलेली नोटीस, समन्स, सातबारा, फेरफार, लग्नाचा पुरावा, जे असेल ते. मूळ कागद देऊन टाकू नका, झेरॉक्स द्या आणि मूळ दाखवा. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात आठ-पंधरा दिवस जातात म्हणून लोक परत जातात, त्यांना मी हेच सांगतो की कायद्याच्या कलम १३ मध्ये असं आहे की उत्पन्नाबद्दल अर्जदाराचं प्रतिज्ञापत्र पुरेसं धरता येतं, त्यावर अविश्वास ठेवायला कारण असेल तरच गोष्ट वेगळी. म्हणून मुदत जवळ आली असेल तर प्रतिज्ञापत्र देऊन अर्ज आजच द्या, दाखला मागाहून जोडा, आणि अर्जावर मोठ्या अक्षरात लिहा की मुदत अमुक तारखेला संपते. हे एक वाक्य लिहिलेलं असलं की फाईल लवकर हलते.

अर्ज दिला की पोच घ्या. नालसाच्या २०१० च्या विनियमांप्रमाणे निर्णय लगेच आणि जास्तीत जास्त ७ दिवसांत द्यायचा असतो. आठव्या दिवशी काही कळलं नाही तर पोच घेऊन सचिवांना भेटा, जिल्हा प्राधिकरणाचे सचिव स्वतः न्यायाधीश असतात, ते भेटतात. नकार आला तर लेखी मागा, आणि प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे अपील करा, जिल्ह्यात ते म्हणजे प्रमुख जिल्हा न्यायाधीश. नकार बहुतेक "प्रथमदर्शनी केस दिसत नाही" या कारणाने येतो आणि पुष्कळदा ते अर्जात हकिगत नीट न मांडल्यामुळे होतं. म्हणून अर्जात आयुष्यभराची भावकी लिहू नका, काय झालं, कधी झालं, कुणी केलं, तुम्हाला काय हवंय आणि कागद कोणता आहे, एवढं तारखेनुसार एका पानात लिहा.

मंजूर झालं की काय मिळतं ते नीट समजून घ्या कारण इथेच लोकांना अर्धवट माहिती असते. फक्त वकील नाही. कोर्ट फी, प्रोसेस फी, दाव्याचा मसुदा करणं, टायपिंग, भाषांतर, निकालाच्या नकला, साक्षीदाराचा खर्च, हे सगळं या मदतीत येतं. मोठ्या रकमेच्या दाव्यात तुमचे वकील सोबत नादारीचा अर्जही करू म्हणतील, ते पुढे सांगतो.

फौजदारी केसमध्ये आरोपीला वकील हवा असेल तर आता बऱ्याच जिल्ह्यांत लोक अभिरक्षक कार्यालय आहे, तिथे पूर्ण वेळ फक्त हेच काम करणारे वकील असतात. अटक झाली की रिमांडच्या पहिल्या तारखेपासून मोफत वकील मागता येतो, घरच्यांनी धावपळ करून दागिने गहाण ठेवायच्या आधी हे एकदा विचारा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न दाखवावं लागत नाही. आणि शिक्षा झाली तर निकालाची प्रत आरोपीला विनामूल्य द्यावी लागते, अपिलासाठी ती हातात हवीच.

नेमून दिलेल्या वकिलाने पैसे मागितले तर? द्यायचे नाहीत. त्यांना प्राधिकरणाकडून मानधन मिळतं, तुमच्याकडून एक रुपयाही घ्यायची परवानगी नाही. "चहापाण्याचे", "साहेबांना द्यायचे", "झेरॉक्सचे दोन हजार", कोणत्याही नावाने नाही. सचिवांना साध्या कागदावर लेखी कळवा. वकील तारखेला येत नसेल, फोन उचलत नसेल तरी तसंच, तारखा लिहून तक्रार द्या आणि वकील बदलून मागा. या केसेसवर देखरेख ठेवायला समिती असते, तिचं ते कामच आहे. मोफत वकील म्हणजे कच्चा वकील असं लोक बोलतात, ते मला पटत नाही. मी चांगले, तळमळीने उभे राहणारे पॅनेल वकील पाहिलेत, आणि ढिसाळ पण पाहिलेत, जसे पैसे घेणाऱ्यांतही असतात. फरक एवढाच की इथे तक्रार करायला जागा आहे.

पाचवी पायरी: नादारीचा अर्ज

कोर्टालाच सांगायचं की माझ्याकडे फी भरायला साधन नाही, मला फी न भरता दावा चालवू द्या. हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३३ मध्ये आहे, अपिलाला आदेश ४४. मुद्दा तुम्ही गरीब दिसता का हा नाही, ही ठरावीक फी भरण्याइतकं साधन तुमच्याकडे आहे का हा आहे. म्हणजे थोडीफार कमाई असलेला माणूससुद्धा मोठ्या फीच्या दाव्यात नादार ठरू शकतो.

साधन मोजताना दोन गोष्टी सोडून देतात. ज्या मालमत्तेवरून भांडण चाललंय ती मोजत नाहीत. भावाने बळकावलेलं घर तुमच्या नावावर असलं म्हणून तुम्ही श्रीमंत ठरत नाही, कारण तेच तर मागायला आलाय. आणि जप्तीतून कायद्याने वगळलेल्या वस्तू मोजत नाहीत, म्हणजे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रूढीप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता येत नाही असा दागिना म्हणजे मंगळसूत्र वगैरे, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, बैल आणि बियाणं, शेतकरी किंवा मजूर स्वतः राहतो ते घर.

अर्जात दाव्यात जे लिहायचं ते सगळं येतं आणि त्याच्यासोबत तुमच्या सगळ्या चल-अचल मालमत्तेची अंदाजे किमतीसह यादी. ही यादी हा अर्जाचा जीव आहे. बँकेचं खातं, पोस्टातली आरडी, मोटरसायकल, गावाकडचा सातबाऱ्यावरचा बारीकसा हिस्सा, शेळ्या, सगळं लिहा. लोक लपवतात, मुद्दाम नाही, त्यांना वाटतं हे काय सांगायचं. पण समोरच्या पार्टीला आणि सरकारी वकिलाला नोटीस जाते, किमान १० दिवसांची, आणि समोरचा नेमका तोच सातबारा काढून आणतो, मग न्यायाधीशांना वाटतं माणूस खोटं बोलतोय. लिहिलेल्या दोन गुंठ्यांनी अर्ज सहसा जात नाही, लपवलेल्या दोन गुंठ्यांनी जातो.

अर्ज स्वतः कोर्टात जाऊन द्यायचा असतो. आजारी असाल, चालता येत नसेल तर हजेरीतून सूट मागता येते आणि मग अधिकृत माणूस देऊ शकतो. कोर्टाचे मुख्य कर्मचारी अधिकारी चौकशी करतात, न्यायाधीश तुम्हाला प्रश्न विचारू शकतात, घर कसं चालतं, मुलं काय करतात, कुणी पैसे देतं का. खरं आणि थोडक्यात सांगा.

अर्ज कशाने फेटाळतात तेही माहीत हवं. अर्ज देण्याच्या आधीच्या २ महिन्यांत नादार दिसण्यासाठी मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर केली असेल तर. दाव्याला कारणच दिसत नसेल किंवा मुदत गेली असेल तर. आणि केस जिंकल्यावर हिस्सा देतो असा करार कुणाशी केला असेल तर, म्हणून "मी खर्च करतो, जमीन मिळाली की अर्धी माझी" म्हणणाऱ्या माणसापासून लांब राहा, नादारी पण जाते आणि जमीन पण.

मंजूर झाला की तोच अर्ज दावा म्हणून नोंदवला जातो, कोर्ट फी नाही, प्रोसेस फी नाही, वकील नसेल तर कोर्ट नेमून देऊ शकतं. फेटाळला तर पुन्हा तसाच अर्ज करता येत नाही, पण कोर्ट फी भरायला वेळ देऊ शकतं, आणि त्या वेळात फी भरली की दावा मूळ अर्जाच्या तारखेलाच दाखल झाला असं धरतात. म्हणून फेटाळला जाईल असं वाटलं तर वकिलाला सांगा की वेळेची मागणी त्याच वेळी करा, नंतर नाही. मुदत वाचते ती इथे.

एक गोष्ट मात्र पुष्कळ लोकांना कुणीच सांगत नाही. नादारी म्हणजे फी कायमची माफ नव्हे, पुढे ढकललेली. जिंकलात तर कोर्ट हिशोब करून ज्याने द्यायची त्याच्याकडून सरकार ती फी वसूल करतं आणि तोवर मिळालेल्या मालमत्तेवर सरकारचा पहिला बोजा राहतो. हरलात तर ती फी तुम्हाला भरायला सांगतात. म्हणूनच मी आधी विधी सेवा, मग नादारी असं सांगतो. केस मधेच तुमची परिस्थिती सुधारली, किंवा तुम्ही तारखांना टाळाटाळ केलीत, तर परवानगी काढूनही घेता येते.

आणि ज्याला नादारी नको, पण पूर्ण रक्कम आज हातात नाही, त्याच्यासाठी संहितेचं कलम १४९ आहे. कमी फीवर दावा दाखल करून उरलेली भरायला कोर्टाकडे वेळ मागायचा. फी कमी आहे म्हणून दावा तडक फेटाळत नाहीत, आधी भरायला मुदत देतात. पण ती दिलेली तारीख चुकवू नका, मग मात्र जातो.

सहावी पायरी: लोकअदालत, आणि भरलेली फी परत

भांडण पैशाचं असेल, शेजाऱ्याचं असेल, बँकेचं किंवा अपघाताच्या भरपाईचं असेल आणि समोरचा बोलायला तयार असेल तर लोकअदालत बघा. केस दाखल व्हायच्या आधीसुद्धा, ज्याला वादपूर्व प्रकरण म्हणतात, विधी सेवा कार्यालयात साधा अर्ज देऊन ते ठेवता येतं. फी नाही. तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकीच ताकद असते.

चालू केस लोकअदालतीत मिटली तर आधी भरलेली कोर्ट फी परत मिळते, पूर्ण. त्यासाठी कोर्टाकडून प्रमाणपत्र घ्यायचं आणि ते दाखवून जिल्हाधिकारी कार्यालयातून रक्कम घ्यायची. हे आपोआप होत नाही, अर्ज करावा लागतो, आणि तडजोडीच्या आनंदात लोक विसरतात. तडजोडीच्या कागदावरच फी परताव्याचं वाक्य घालून घ्या.

पण एक सांगतो, लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं. सही करायच्या आधी कागद पूर्ण वाचून घ्या, वाचता येत नसेल तर दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्या, रक्कम किती, किती तारखेपर्यंत, नाही दिली तर काय. गर्दी असते, सगळे घाईत असतात, "करा हो सही" म्हणतात. तुम्ही घाई करू नका. नको असेल तर नाही म्हणा, केस परत आपल्या कोर्टात जाते, काही बिघडत नाही.

केस सुरू झाल्यावर खर्च कमी ठेवायला

तुमच्या केसचा १६ अंकी-अक्षरी सीएनआर नंबर वकिलाकडून लिहून घ्या. ई-कोर्ट्सच्या मोबाईल ॲपवर तो टाकला की पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झालं, आणि बऱ्याच वेळा आदेशही फुकट दिसतो, फक्त तारीख विचारायला गाडीभाडं घालून जावं लागत नाही. अपिलाला किंवा दुसऱ्या कार्यालयात द्यायला मात्र सही-शिक्क्याची नक्कलच लागते, तिच्यासाठी निकाल लागल्या दिवशीच अर्ज टाका, कारण अपिलाचे दिवस मोजताना नक्कल तयार व्हायला लागलेला वेळ वगळतात, पण तुम्ही अर्ज करायला लावलेला उशीर वगळत नाहीत. त्या नकलेवर मागच्या बाजूला अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली अशा तारखा असतात, घेताना त्या बरोबर पडल्यात का ते तिथेच खिडकीवर उभं राहून तपासा.